गोंदिया ते सिरोंचा: एका अवकाश-पाठमालेची फेरमांडणी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या पोरांशी आकाशाबद्दल बोलायचं तर प्रस्तावना लागत नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आमच्या तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. आसपासच्या शिवारात गोळेही सापडले. इस्रोचं पथक येऊन पाहणी करून गेलं. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांनी ताडलं. ज्यांनी ती कडी पाहिली ती पोरं थोडक्यात सांगतात. ज्यांनी पाहिली नाही ती जास्त रंगवून सांगतात.

मी इथल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. शहरातल्या एका संस्थेनं विचारलं, तुमच्या भागातल्या हुशार मुलांसाठी वेबवरून अवकाशविज्ञानाची पाठमाला चालवाल का? सहा शाळा, सातवी-आठवीची सतरा मुलं, बारा आठवडे, बारा पाठ. आराखडा त्यांच्याकडे तयार होता. मी हो म्हटलं. त्या आराखड्याचं पुढे काय झालं आणि त्याच्या जागी काय उभं राहिलं, त्याची ही नोंद.

पहिला आराखडा

आशय चुकीचा नव्हता, हे आधी सांगतो. सूर्यमाला, उपग्रहांच्या कक्षा, चांद्रयान-३, आदित्य-एल१, ताऱ्यांचा जन्म-मृत्यू, कृष्णविवर. प्रत्येक पाठाला वीस मिनिटांचा व्हिडिओ, खाली दहा बहुपर्यायी प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. चांद्रयानाचा पाठ तर सुरेखच होता. २३ ऑगस्ट २०२३ ला आमच्या शाळेत सगळ्यांनी एका मोबाईलभोवती कोंडाळं करून ते उतरताना पाहिलं होतं, त्यामुळे पोरं त्या पाठाला चिकटून बसली.

अडचण पहिल्याच आठवड्यात कळली. एक व्हिडिओ दीड-दोनशे एमबीचा. मोबाईल घरात एकच, तो बाबाचा, आणि बाबा दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. ऑगस्टात रोवणा (धानाची लावणी) चालू, म्हणजे तो मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून धुऱ्यावरच्या झाडाला टांगलेला. रात्री आठला घरी येतो तेव्हा दिवसाच्या दीड जीबीतलं काय उरलंय ते नशीब, आणि त्यात पाऊस आला की लाइन जाते. सतरापैकी सहा मुलांनी पहिला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. बाकीच्यांनी मला दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची गोष्ट विचारली.

दुसरी अडचण तिसऱ्या पाठात. त्यात कृती होती: ‘रात्री नऊनंतर घरापासून दूर, अंधाऱ्या मोकळ्या जागी जा आणि वीस मिनिटं आकाश न्याहाळा.’ ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यात वाघ आणि माणूस यांचं काय चाललंय, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. एका मुलाचे वडील शाळेत आले, पाठ मोबाईलवर दाखवला आणि शांतपणे म्हणाले, “गुरुजी, हे लिवनाऱ्यानं वाघ पायला हाये का कधी?” मी तो पाठ त्याच दिवशी थांबवला. खरं तर तो मी आधीच वाचायला हवा होता. वरून पाठवायच्या घाईत वाचला नाही, ही चूक माझी.

पण या दोन्ही अडचणी निस्तरता येण्यासारख्या होत्या. खरी गोम तिसरी. यादीतला सगळ्यात तल्लख मुलगा, आठवीतला, व्हिडिओ न पाहताच प्रश्न सोडवायचा. दहापैकी दहा. चौथ्या आठवड्यात त्यानं प्रश्न उघडणंही सोडलं. विचारलं तर म्हणाला, “सर, उत्तर तं तुमच्यापाशी हायेच ना. मंग मले कायले इचारता?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कवडसा

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. यादीतल्या एका मुलासोबत त्याची मामेबहीण शाळेत यायची. ती सातवीत. तिचं नाव यादीत नव्हतं, कारण यादी शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणांवरून केली होती आणि पाचवीच्या त्या परीक्षेच्या दिवशी ती धान कापणीला गेलेल्या आईऐवजी लहान भावाला सांभाळत घरी होती, असं तिच्याकडूनच नंतर कळलं. परीक्षा नेमकी कोणत्या महिन्यात होती यावरून तिची आणि तिच्या भावाची अजून जुंपते. मी त्यात पडत नाही.

तिनं विचारलं, “सर, आमच्या घरच्या कवेलूची फट वाकडीतिकडी हाये, मंग खाली कवडसा गोल कायले पडते?”

हा प्रश्न पाठमालेच्या बारा पाठांत कुठेच नव्हता, आणि बारा पाठांपेक्षा मोठा होता. कवडसा गोल पडतो कारण ते फटीचं चित्र नसतं, ते सूर्याचं चित्र असतं. बारीक फट ही सुईछिद्र कॅमेऱ्यासारखी वागते. सूर्यग्रहणाच्या दिवशी झाडाखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात ते याच कारणानं. मी हे तिला लगेच सांगितलं नाही. म्हटलं, “फट बदलून बघ.” तिनं पुठ्ठ्याला तिकोनी भोक पाडलं, चौकोनी पाडलं. जमिनीवर गोलच.

मग आकार मोजायचा ठरला. छिद्रापासून कवडशापर्यंतचं अंतर भागिले कवडशाचा व्यास, हा आकडा सूर्य-पृथ्वी अंतर भागिले सूर्याचा व्यास याच्याइतकाच येतो. पहिल्या खेपेला गोठ्याच्या टिनाला असलेल्या भोकातून २७० सेंटिमीटरवर ३ सेंटिमीटरचा कवडसा आला. गुणोत्तर ९०. अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर धरलं तर सूर्याचा व्यास साडेसोळा लाखांवर गेला. सूर्य फुगला! यादीतला तो कंटाळलेला आठवीतला मुलगा इथे पहिल्यांदा स्वतःहून बोलला: भोकच अर्ध्या सेंटिमीटरचं आहे, ते कवडशात मिसळलंय. तीन वजा अर्धा, अडीच. २७० भागिले २.५ म्हणजे १०८. व्यास १३ लाख ८५ हजार. पुस्तकात १३ लाख ९२ हजारांच्या आसपास. सूर्य तिरपा असल्यानं जमिनीवरचा कवडसा लांबट पडतो, म्हणून पुठ्ठा किरणांना काटकोनात धरायचा, ही सुधारणा मुलीची. अंतरही मग किरणाच्या रेषेतच मोजावं लागतं, हे दोघांनी भांडून ठरवलं.

गुणवंत मुलांच्या शिक्षणावर लिहिणाऱ्या जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये तीन वर्तुळं मांडली: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहणं. तिन्ही एकमेकांना छेदतात तिथे गुणवत्ता दिसते. आपल्याकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून याच प्रश्नावर काम करते आहे. हे सगळं मी डी.एड.च्या वेळी वाचलं होतं आणि तरीही यादी गुणपत्रिकेवरून केली होती. शिष्यवृत्तीची परीक्षा पहिल्या वर्तुळाचा एक कोपरा मोजते. चिकटून राहणं मोजायला पुठ्ठा, भोक आणि तीन दुपारी लागतात. यादी मी फाडली नाही, तशी गरज नव्हती. फक्त कोणीही विचारण्यासारखा प्रश्न आणला तर आत, असा नियम केला. सतराची बावीस झाली आणि महिन्याभरात एकोणीस उरली.

काय बदललं

डिसेंबरात मी संस्थेला कळवलं की उरलेले पाठ मी वेगळे लिहितो. ते नाराज झाले, पण नाही म्हणाले नाहीत.

व्हिडिओ गेले. त्याऐवजी साधं वेबपान. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साधारण तीन बाइट घेतं, म्हणजे हजार शब्दांचा मजकूर वीस केबीच्या आसपास. हाताने काढून दाबून लहान केलेल्या दोन आकृत्या धरून पूर्ण पाठ दोनशे केबीच्या आत बसतो. व्हिडिओच्या हजाराव्या भागात! एकदा उघडलं की पान मोबाईलमध्ये राहतं, नेट नसलं तरी चालतं. आठ वाजता बाबा घरी आला की दोन मिनिटांत पाठ उतरतो आणि मोबाईल परत त्याच्या हातात जातो. घरातली भांडणं यानं कमी झाली, असं दोन आयांनी सांगितलं. पाठमालेचं यश मोजायचं हे माप कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

पाठात उत्तर नसतं. एक प्रश्न, मोजायची रीत, आणि एक तक्ता ज्यात सगळ्यांची मापं दिसतात. बस. वेबचं काम शिकवणं नाही, एका अंगणातलं माप दुसऱ्या अंगणात पोचवणं. हे वाक्य संस्थेच्या बैठकीत मी म्हटलं तेव्हा कोणी लिहून घेतलं नाही, म्हणून इथे लिहितो.

रात्रीच्या कृती पूर्ण बंद. दिवसाचं खगोलशास्त्र करायचं: सूर्य, सावली, कवडसा, दिवसा दिसणारा चंद्र. एकच सूट ठेवली. मार्चमध्ये मोहफूल वेचायला पोरं मोठ्या माणसांसोबत पहाटे जातातच. ती परत आल्यावर, पाहिलं असेल तर, आठवून काढतील. मुद्दाम कोणी जायचं नाही. एकानं दक्षिणेकडची वाकडी नांगी काढून आणली, मधल्या ताऱ्याला लाल रंग दिला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेचारच्या सुमारास वृश्चिक बरोबर दक्षिणेला असतो आणि तो लाल तारा ज्येष्ठा. दुसऱ्याच्या आजोबांनी मृगाच्या तीन ताऱ्यांना तिफण म्हणतात असं सांगितलं. विदर्भातल्या गोंड वस्त्यांमधल्या अशा तारकाकल्पना मयंक वाहिया, गणेश हलकारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवल्या आहेत, आणि त्यातही ही तिफण आहे. आजोबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “तं मंग, मी का खोटं सांगतो का?”

सावली

फेब्रुवारीत सावलीची वही सुरू झाली. एक मीटरचा सरळ पाईप, ओळंब्यानं उभा केलेला, खाली पाण्याचं ताट ठेवून सपाटी तपासलेली फरशी. दुपारी बारा ते साडेबारा दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपायचं, सगळ्यात लहान सावली तक्त्यात भरायची. पहिल्याच आठवड्यात बरीच पोरं बिथरली, कारण सावली बाराला सगळ्यात लहान होत नव्हती. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, आपण त्याच्या पश्चिमेला, शिवाय वर्षभर सूर्य घड्याळाच्या थोडा मागेपुढे चालतो. मार्चच्या विषुवदिनी आमची दुपार १२ वाजून १९ मिनिटांच्या आसपास होते. हे समजावण्यात एक आठवडा गेला आणि तो गेला याचं मला वाईट वाटत नाही.

उद्देश होता प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थिनिसची रीत: एकाच रेखांशावरच्या दोन गावांतली माध्यान्हीची सावली आणि मधलं अंतर, यावरून पृथ्वीचा घेर. नकाशावर शोधता शोधता आठवीतल्या त्या मुलानं जोडी काढली. गोंदिया ८०.१९ अंश पूर्व, सिरोंचा ७९.९७ अंश पूर्व. जवळपास एका रेषेत. एक उत्तर टोकाला, दुसरं थेट प्राणहिता-गोदावरीच्या संगमावर, मध्ये सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटर. आपला विदर्भ उभा इतका लांब आहे हे मलाही तोवर जाणवलं नव्हतं. दोन्हीकडचे एकेक ओळखीचे शिक्षक तयार झाले.

इथे एक आक्षेप आला, आणि तो मला आजवर शिकवताना आलेल्या आक्षेपांत सगळ्यात आवडतो. मोबाईलच्या नकाशानं २९० सांगितलं, पण नकाशाला पृथ्वीचा आकार आधीच माहीत आहे, मग आपण काय मोजतोय? एकानं उपाय सुचवला, एसटीच्या तिकिटावरचं अंतर घ्या. ते घेतलं तर रस्त्याच्या वळणांमुळे पृथ्वी बरीच लठ्ठ होते. शेवटी मी त्यांना हिंगणघाट सांगितलं. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची एक बाजू, जमिनीवर मोजून विल्यम लॅम्बटन हा इंग्रज सर्वेक्षक त्रिकोणामागून त्रिकोण जोडत, देश मोजत निघाला. १८२३ मध्ये तो वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. म्हणजे कोणीतरी कधीतरी जमिनीवर साखळी टाकली होती, नकाशा त्यावर उभा आहे. आक्षेप यानं पूर्ण मिटत नाही. पाठात मी तसं लिहिलंय.

मार्चच्या विषुवदिनी गोंदियाची सावली आली ३९.४ सेंटिमीटर. सिरोंच्यात त्या दिवशी ढग. तिथल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी मोजली: ३३.४. टॅन्जंटच्या तक्त्यातून कोन काढले, २१.५ आणि १८.५ अंश. फरक तीन अंश. ३६० भागिले ३ गुणिले २९०: चौतीस हजार आठशे. हवे होते चाळीस हजार.

मला कारण दिसलं होतं. गप्प राहिलो. दोन दिवस तक्त्याखाली एकमेकांवर आरोप झाले; सिरोंच्याच्या मुलांना पाईप नीट उभा करता येत नाही, गोंदियावाल्यांची फरशी उतरती आहे वगैरे. मग कवडशावाल्या मुलीनं आपली वही पुढे केली. तिच्या अंगणातली सावली महिनाभर रोज आठेक मिलिमीटरनं लहान होत होती. “एक दिवस उशिरा मोजली तं आठ मिली कमी आली असन ना. मंग आठ मिली वापस करा त्यायले.” ३३.४ मध्ये ०.८ मिळवले: ३४.२. कोन १८.९ च्या किंचित खाली. फरक २.६२ अंश. घेर ३९ हजार ८५०.

ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा घेर ४० हजार ८ किलोमीटर आहे. गटावर फटाके, हसरे चेहरे, जे व्हायचं ते झालं. मी त्या संध्याकाळी आणखी एक पान लिहिलं: सावली मोजताना दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर उलट दिशांनी चुकला असता तर उत्तर किती हजारांनी हललं असतं? एका बाजूला ते चौतीस हजारांच्या खाली जातं, दुसऱ्या बाजूला एकोणपन्नास हजारांच्या वर. म्हणजे आपलं जवळ आलेलं उत्तर निम्मं काळजीचं, निम्मं नशिबाचं. हे पान सगळ्यात कमी मुलांनी सोडवलं. साहजिक आहे, जिंकल्यावर कोणाला आपलं नशीब मोजायचं असतं! पण पाच जणांनी सोडवलं, आणि पुढच्या वर्षी तीन मीटरचा बांबू उभा करू, हा ठराव त्या पाचांचा.

जे सुटलं नाही

संस्थेला अहवालात गुण हवे होते. माझ्याकडे गुण नव्हते, वह्या होत्या. तीन वह्यांचे फोटो पाठवले. त्यावर काही उत्तर आलं नाही. पालकांचा प्रश्न रास्त होता: याचा पुढे उपयोग काय? इस्रोच्या युविका या शाळकरी मुलांसाठीच्या उपक्रमात नववीतल्या मुलांची निवड होते, ग्रामपंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकण्याचे त्यात वेगळे गुण असतात, एवढं मी सांगू शकलो. पण त्यात आठवीचे गुणही धरले जातात, आणि सावलीच्या नादात आठवीतल्या त्या मुलाचे इतिहासाचे गुण घसरले, हेही खरं. त्याच्या आईनं मला ते सुनावलं. तक्त्यावर माझा रोज तासभर जायचा. सहा शाळांऐवजी सोळा असत्या तर हे एकट्यानं झेपलं नसतं.

शेवटचा पाठ शून्य सावलीचा. आमच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या २१-२२ तारखेच्या आसपास, दुपारी १२ वाजून ८ मिनिटांना. तेव्हा शाळा बंद, पारा पंचेचाळीसच्या घरात आणि निम्मी घरं तेंदूपत्त्याला गेलेली. तरी पान पाठवून ठेवलं होतं: जिथे असाल तिथे, मोठ्यांसोबत सावलीत बसून, एक बाटली फक्त उन्हात ठेवा.

कवडशावाल्या मुलीनं काढलेला फोटो आठ दिवसांनी आला, जंगलात रेंज नसल्यानं. तेंदूपत्त्याच्या पुड्यांच्या रांगेत उभी पाण्याची बाटली, बुडाभोवती सावलीचा मागमूस नाही. खाली लिहिलेलं: “सर, पानात लिवलं का जुलैत हा दिवस वापस येते. तवा ढग रायते अन् आमी रोवन्यात. मंग ढगाच्या वरून कोन मोजते?”

तक्त्यात तिच्या ओळीपुढचा उत्तराचा रकाना मी रिकामा ठेवलाय. पुढच्या वर्षीची पाठमाला तिथून सुरू होईल. उपग्रहांचा पाठ, जो जुन्या आराखड्यात दुसरा होता, आता पहिला येतोय.